मानवते का

मंगयवारी उपकेंद्रात गर्दी नसते.
मडावी सिस्टर टेबलावर सगळं मांडते,
बांगड्यावाली पेटी मांडते तसं:
तांब्याची तार गुंडायलेली काडी,
सुई,
गोयांचं पाकीट, त्याच्यावर बाण काढलेले,
निरोधचा डब्बा, झाकण उघडंच.
"पाय निवांत," म्हणे, "घाई नाई."

घाई नाई म्हणणारी
मले हे पयलीच बाई भेटली.
सासूनं तं घरूनच ठरवून धाडलं होतं:
"दोन झाले, त्यात एक पोरगा हाये,
टाक करून ऑपरेशन अन् हो मोकयी."
मी चोवीस वर्षांची.
मोकयी म्हणजे काय, मी इचारलं नाई.

सिस्टरनं तांबी हातात देल्ली.
कानातल्या फुलाएवढं वजन.
दहा वर्षं राहते म्हणे, पायजे तवा काढता येते.
मंग तिनं माही खालची पापणी वढून पायली.
पांढरी फटक. रक्त नऊ.
"सुरवातीले अंगावरून जास्त जाईन व तुह्या."
माही जाऊ पंचफुला सात वर्षं तांबीवर हाये,
सुखात हाये.
तिले मानवली.

मानवणं.
हा शब्द आमच्याकडं पाण्याले लावते,
ढेपीले लावते, सासरच्या वरणाले लावते.
पाणी मानवलं नाई तिले, म्हणते,
अन् बाईले दोष देत नाई कोणी,
पाण्यालेबी नाई.

सुई तीन महिन्यांची, तिचं नाव अंतरा.
गोयीचं नाव छाया.
सरकारात कोणीतरी बसून
पोरींसारखे नावं ठेवले.
माह्या पोरीचं नाव ठेवाले
कोणी मले इचारलं नोतं.

सुईनं कधी दोन महिने काईच नाई,
कधी थेंब थेंब महिनाभर.
माही सासू न्हाणीतल्या फडक्यायचाबी हिशोब ठेवते.
थे नको.
रोजची गोयी? पहाटं पाच वाजता
डबा, पाणी, पोरगं, निंदाले नेणारा टेंपो,
एक डाव तं मी दोन पायात दोन चपला घालून गेलती.

"अन् तुह्या नवऱ्याचं? दहा मिनिटं लागते, टाका नाई."
पल्हाद बाहेर निंबाखाली
कायीपिवयीचा काच पुसत होता.
पुसलेलाच काच पुन्हा पुसला त्यानं.
खिडकी उघडीच होती.
माणसाची ताकद कुठं राहते,
हे आमच्या गावात सगळ्यायले मायीत हाये,
डॉक्टर सोडून.

मी म्हटलं, सिस्टर, वावर असतं तं सोपं होतं.
काया मातीत हे पेर, मुरमाडीत थे पेर.
मी वावर नोय.
ती खुदकन हासली.
"मंग सांग, तुह्या आठवड्यात पक्कं काय हाये?"

इचार करा लागला.
बुधवारचा बाजार.
रविवारी पोरीचं डोकं धुवाचं.
बाकी सगळं टेंपोवाल्याच्या हातात.

"मंग छाया घेऊन पाय.
पायी आली का पयल्या दिवशी पयली.
तीन महिने आठवड्यातून दोन खेपा, मंग एकच.
तारीख लांबली तं भेव नको, अंगावरूनबी कमीच जाईन.
नाई मानवली तं परत ये.
हे टेबल कुठं जात नाई."

पायी रविवारीच आली, नशीब.
पाकीट मी रिठ्याच्या डब्यात ठेवलं,
तिथं कोणी हात घालत नाई.

बुधवारी बाजारात पल्हादनं गाडी उभी केली,
सवाऱ्या उतरवल्या,
अन् सीटखालची पाण्याची बाटली काढून
माह्याकडं न पायता पुढं केली.
"आज बुधवार ना?"
एवढंच.
पाणी कोमट होतं, डिझेलचा वास मारत होतं.
मी गोयी गियली.
वांगे वीस रुपये पाव होते.
घेतले नाई.